आईचं विमान पिवळं होतं

४ फेब्रुवारी

दादाकडे येऊन पोचले. वहिनीचा फोन आला तेव्हा नाहीच म्हणणार होते. पण ती म्हणाली, "मी दुकानात गेले की हे घरी एकटे. उजवा हात अजून उठत नाही. पंधरा दिवस तरी ये." वहिनी सकाळची औषधांच्या दुकानात काम करते. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे कधी साधी वाटी मागितली नव्हती. म्हणून निघाले.

दादाला डिसेंबरात मेंदूचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय वाचला, उजवा हात तेवढा गेला. दारात मला बघून म्हणाला, "ए मुंगे, वाळलीस की गं." स्वतःकडे बघ म्हणावं.

ही डायरी ह्यांची. ऑफिसकडून दर वर्षी मिळायची. गेल्या वर्षीची कोरीच राहिली, कारण हे मार्चमध्येच गेले. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. माझंही तसंच चाललंय.

७ फेब्रुवारी

दादाची विमानांची खोली अजून तशीच आहे. भिंतभर काचेची कपाटं आणि आत प्लास्टिकची विमानं. सुट्या भागांचे खोके मिळतात, ते आणून जोडायचे, घासायचे, रंगवायचे. दिसायला खेळ, पण दादाचं म्हणजे चाकाच्या रंगाची छटासुद्धा खऱ्यासारखी हवी. एक विमान कित्येक वर्षं बिनरंगी बसलंय, कारण त्याच्या पोटाचा करडा रंग नक्की कुठला याचा पुरावा नाही. "अंदाजे रंगवायचं असेल तर कुंपण रंगवावं," म्हणतो.

लहानपणी त्याच्या विमानांना मी नुसतं बघितलं तरी ओरडायचा. आज म्हणाला, "वरच्या फळीवरचा मोठा खोका काढ."

काढला. टायगर मॉथ. दोन मजली पंखांचं, उघडं, दोन माणसांचं विमान. आमच्या आईचं विमान.

"हे करायचंच राहिलं," दादा म्हणाला. "आता हात नाही. तू कर, मी सांगतो."

"मी दात करणारी बाई आहे रे."

"मग? तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात बसतील असे दात केलेस. एक पंख नाही बसवता येणार?"

मी नाही म्हटलं. दात कोरून पोट भरलं ते पुरे झालं. दातांची लॅब सोडली तेव्हा हत्यारंही देऊन टाकणार होते, ती तेवढी राहिली आहेत.

१२ फेब्रुवारी

बसले शेवटी. तो दिवसभर खोका मांडीवर घेऊन बसतो, बघवत नाही. डॉक्टरांनी म्हणे सांगितलंय की मन गुंतलं तर हात लवकर येतो. वहिनीने सांगितलं. आता भावासाठी एवढं केलं नाही तर कसली बहीण.

प्लास्टिकच्या चौकटीला सगळे भाग लटकलेले असतात, घडातल्या द्राक्षांसारखे. ते कापून काढायचे आणि कापल्याची खूण घासून घालवायची. ते मला येतं. दादा शेजारी बसून भिंगातून बघत होता. अर्धा तास चूक सापडली नाही म्हणून त्याचंच तोंड उतरलं.

१३ फेब्रुवारी

लॅबची हत्यारं मागवली. मुलगा पाठवतो म्हणाला. फोनवर उगीचच खूश वाटला.

२० फेब्रुवारी

आज फजिती. पुढच्या सीटसमोर वाऱ्यापासून आडोसा म्हणून छोटी काच असते. ती मी चटकन चिकटणाऱ्या गोंदाने लावली. बघता बघता काच धुरकट, पांढरी.

"मोतीबिंदू झाला विमानाला!" दादा ओरडला. "काचेला पांढरा गोंद लावायचा असतो. तो वाळायला वेळ घेतो, पण वाफ सोडत नाही."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

"तू भिंगातून काय माझे केस मोजत होतास?"

बराच वेळ भांडलो. लहानपणी भांडायचो तसंच, मधूनमधून आईबापाचा उद्धार करत, म्हणजे स्वतःच्याच. वहिनी दुकानातून आली तेव्हाही चालूच होतं. ती दारातच उभी राहून ऐकत होती, पिशवी हातात धरून. तिला त्रास झाला असणार. उद्यापासून आवाज कमी ठेवायला हवा.

काच पॉलिश करून पाहिली. कवळी चकचकीत करायचं कापडाचं चाक असतं, त्याने. अगदी नितळ झाली. दादा काच उजेडाकडे धरून खूप वेळ बघत बसला.

१ मार्च

व्यायाम घ्यायला येणारी मुलगी आज म्हणाली, "काका आता शर्टाची बटणं स्वतः लावतात." मी म्हटलं, "असं कसं? माझ्यासमोर तर चिमटाही धरता येत नाही." ती दादाकडे बघायला लागली. दादा म्हणाला, "सकाळी येतं, दुपारी जातं." थकव्याने असं होतं म्हणे. बिचारा.

नंतर रंगाची बाटली उघडायला घेतली तर झाकण दगडासारखं घट्ट. गरम पाणी आणायला गेले. परत येते तो झाकण सैल. "आधीच सैल होतं," दादा म्हणाला. माझ्या बोटांत आता जोर राहिला नाही, हेच खरं.

बाटली उघडली आणि वास आला. जास्त पिकलेल्या केळ्यासारखा, वर झोंबरा.

आमचे बाबा वैमानिकांना शिकवायच्या मैदानावर मेकॅनिक होते. आई तिथल्याच शेडमध्ये पंखांना कापड शिवायची. टायगर मॉथचे पंख कापडाचे असतात, आत लाकडाच्या फासळ्या. कापड फासळ्यांना दोऱ्याने बांधायचं, टाका घ्यायचा, गाठ मारायची, पुढे सरकायचं. मग त्यावर ह्याच वासाचं रोगण लावलं की कापड ढोलकीसारखं ताणून बसायचं. आईच्या अंगाला कायम तो वास. शाळेतून आले की मी तिच्या मांडीत तोंड खुपसायची आणि ती म्हणायची, "सर गं, सुई लागेल."

"तिला बोटांत भोकं पडायची," दादा म्हणाला.

"तू तिला बाबांची जाड चामड्याची टोपी दिलीस, सुई ढकलायला. बाबा ती दिवसभर शोधत होते."

दादाला हे आठवत नव्हतं. मग इतका हसला की खोकला लागला.

९ मार्च

आज ह्यांना जाऊन एक वर्ष. मुद्दाम काही केलं नाही. सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. दादा दाराशी येऊन म्हणाला, "शेपटीचे भाग वाकडे बसलेत. तुझ्याशिवाय सरळ व्हायचे नाहीत." पडून राहू देईल तर शपथ! उठले. शेपूट पाहिली तर अगदी सरळ होती. पण आता उठलेच होते, म्हणून खालचे पंख लावले.

जेवताना दादा अचानक म्हणाला, "तुझा नवरा मला एकदा म्हणाला होता, हिच्यापुढे हसायचीसुद्धा भीती वाटते, दात बघत असते."

मी हसले. मग रडले. वहिनीने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

१४ मार्च

रंगावरून जोरदार वाद. माझ्या आठवणीतलं विमान पिवळं आहे. अंड्याच्या बलकासारखं गडद. दादा म्हणतो, चंदेरी, बाजूने लाल पट्टा.

"तू सात वर्षांची होतीस," म्हणतो.

"आणि तू बारा. बारा वर्षांच्या पोराला काय डोळे चार असतात?"

त्याचं म्हणणं असं: एकच विमान आयुष्यात अनेकदा रंगवतात. तेव्हा मॉडेल करायचं ते एका विमानाचं नाही, एका दिवसाचं करायचं. दिवस आधी ठरवायचा. आमचा दिवस तर ठरलेलाच आहे. आई वर गेली तो दिवस.

खालचा सगळा पंख आईने एकटीने नव्याने शिवला होता. तिथले शिकवणारे साहेब म्हणाले, "ज्यांनी पंख शिवला त्यांनीच आधी बसून बघायचं." आई नको नको म्हणत होती. बाबांनी तिला उचलूनच पुढच्या सीटवर ठेवलं. मी आणि दादा कुंपणाशी उभे. विमान उठलं तेव्हा दादाने माझा हात असा धरला की बोटं पांढरी पडली. मैदानाभोवती दोन चकरा आणि खाली. आई उतरली. घरी येऊन कणीक मळायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वरून आपलं घर शोधत होते. सगळी छपरं सारखीच. सापडलंच नाही."

एवढं सगळं दोघांनाही तंतोतंत आठवतं आणि रंग जुळत नाही. फोटो नाही. दादा म्हणाला, "पुरावा नाही तर रंग नाही." म्हणजे हेही कपाटात बिनरंगी बसणार. मी चिडून ब्रश धुतले आणि ठेवून दिले.

१८ मार्च

कामाला हात लावला नाही. झोपून राहिले.

१९ मार्च

आजही तेच. वहिनी दोनदा डोकावून गेली. दादा एकदा.

२० मार्च

सकाळी दादा माझ्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला.

"पिवळं होतं," म्हणाला. "मी चुकलो."

"कशावरून?"

"पहाटे आठवलं. आई उतरली तेव्हा तिचे तळहात पिवळे झाले होते. रंग नीट वाळला नव्हता. घाबरून कड घट्ट धरली असणार. घरी कणीक मळायच्या आधी दगडाने हात घासत होती."

त्याने सांगितलं आणि मलाही ते हात दिसायला लागले. घासून लाल झालेले आणि रेषांमध्ये पिवळे. इतकी वर्षं कसे आठवले नाहीत!

दुपारी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "पिवळं? मला तर लग्न झाल्यापासून चंदेरीच सांगत आलेत. लाल पट्ट्याचं." मग एकदम, "माझंच चुकत असेल," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. वहिनीला विमानातलं काय कळतं.

पिवळ्याचे तीन थर दिले. पातळ, पातळ, पातळ.

२९ मार्च

वहिनी फोनवर माझ्या मुलाशी बोलत होती. मी बाहेर होते, पण ऐकू आलं. "हो रे, जेवण नीट व्हायला लागलंय. झोपही लागते. परवा तर हसण्याचा आवाज मला जिन्यात ऐकू आला." दादाची खुशाली मामीने भाच्याला एवढी तपशीलवार द्यावी, याचं बरं वाटलं. हल्ली कोण कोणाची एवढी चौकशी करतं.

दादाच्या मंडळाचं प्रदर्शन एप्रिलात आहे. सगळे आपापली विमानं घेऊन येतात. दादा म्हणतो, नेऊया. मी म्हटलं, तू ने, मी कशाला.

५ एप्रिल

आज वरचा पंख. अख्ख्या विमानात सगळ्यात अवघड काम हेच. बारीक खांबांवर तो एकदम, एका वेळी, सरळ बसायला हवा. जरा कलला की मेलं सगळं. आधाराला पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला होता. गोंद लावला. पंख ठेवला. डाव्या हाताने मधला भाग धरला, उजव्या हाताने चिमट्यात एक खांब. सगळं बसत होतं आणि साचाच एका बाजूने सरकला. पंखाचं टोक खाली जायला लागलं. माझे दोन्ही हात अडकलेले. सोडलं तर खांब जातो, नाही सोडलं तर पंख जातो.

"दादा!" एवढंच ओरडले.

आणि दादाचा उजवा हात पुढे आला.

दोन बोटांनी त्याने ते टोक पकडलं. दाबलं नाही, उचललं नाही, हवं तिथे नुसतं धरून ठेवलं. बोटं स्थिर, काडीइतकीही हलली नाहीत. गोंद धरेपर्यंत आम्ही दोघं तसेच, श्वास रोखून. माझं लक्ष पंखाकडे नव्हतंच. त्याच्या हाताकडे होतं.

"दादा, तुझा हात!"

त्याने हाताकडे असं पाहिलं जसं दुसऱ्याचाच आहे. "अरेच्चा," म्हणाला.

मी पळत वहिनीला बोलवायला गेले. ती दाराशीच होती. "वहिनी, हात आला! दादाचा हात आला!" मी तिला मिठीच मारली. तिला तर आश्चर्य व्यक्त करायचंही सुचलं नाही. मला पाठीवर थोपटत नुसती रडत होती. दादा पाठमोरा होऊन ब्रश पुसत बसला. कोरडे ब्रश. भांबावला होता, दुसरं काय.

डॉक्टर म्हणाले होते ते खरं झालं. मन गुंतलं तर हात येतो.

६ एप्रिल

व्यायामवाल्या मुलीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "पण आत्या, हात तर गेल्या महिन्यापासूनच..." तेवढ्यात वहिनीने तिला आतून हाक मारली. बाहेर आली ती गालातल्या गालात हसत. श्रेय घ्यायला लोक कसे पुढे असतात! गेल्या महिन्यात हात आला असता तर मला दिसला नसता?

१९ एप्रिल

प्रदर्शन झालं.

शाळेच्या सभागृहात लांब टेबलं, त्यांवर विमानंच विमानं. बहुतेक पुरुष, बहुतेक चष्मेवाले, सगळे वाकून एकमेकांच्या चुका शोधतात. मला तर लॅबमध्ये परत आल्यासारखंच वाटलं. आमचं विमान एका कोपऱ्यात, पिवळंधमक. पंखांमधल्या तारा मी केसाएवढ्या दोऱ्याने ओढल्या होत्या, त्या दिव्याखाली चमकत होत्या. खालच्या पंखावर फासळीफासळीपाशी टाक्यांचे उंचवटे. ते खोक्यात नव्हते. एकेक ठिपका मी सुईच्या टोकाने ठेवलाय.

मंडळाचे अध्यक्ष आले. दादासारखेच काटेकोर, किंबहुना दादाने बिघडवलेले. बराच वेळ वाकून पाहिलं. म्हणाले, "टाके सुरेख. तारा सुरेख. पण पाटीवर लिहिलंय त्या मैदानाची विमानं चंदेरी असायची असं मी वाचलंय. पिवळ्याला पुरावा काय?"

सगळे दादाकडे बघायला लागले. त्याच्याच नियमाने त्यालाच पकडलं होतं. ज्याच्या कपाटात एक विमान पुराव्यावाचून बिनरंगी अडून बसलंय, तो काय सांगणार?

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. उजवा.

"पुरावा ही," म्हणाला. "माझी बहीण. विमान तिनेच केलंय, मी नुसता शेजारी बसलो होतो. आणि त्या दिवशी ती कुंपणाशी उभी होती. तिने पाहिलंय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "मग पिवळंच."

त्यानंतर लोक माझ्याभोवतीच. टाके कसे केले, काच इतकी नितळ कशी, तारा कशा ताणल्या. मी आपली बोलतेय, बोलतेय. घसा बसला. घरी येताना वहिनी म्हणाली, "आज तू दोन तास उभी होतीस, लक्षात आलं का?" नव्हतं आलं.

येताना रिकामा रस्ता होता. दादा मागून मंद चालत होता. मला वाटलं, आई असती तर. मग वाटलं, आईने काय केलं असतं, उलटसुलट करून टाके तपासले असते. एक उचकटून परत घालायला लावला असता.

२६ एप्रिल

परत घरी. दादा बसपर्यंत आला. सामान त्यानेच उचललं. जाताना हातात एक खोका दिला, दुसऱ्या विमानाचा. मी म्हटलं, मला कशाला, तुझा हात आलाय, तूच कर. तर म्हणे, "नाही गं, डोळे आता दगा देतात." म्हणजे हात बरा झाला तर डोळे. त्याच्यामागचं शुक्लकाष्ठ काही संपत नाही. दर रविवारी फोन करून कुठपर्यंत आलं ते सांग म्हणाला. त्याच्यासाठी म्हणून करायला हवं.

१६ मे

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही.

मुलाचा फोन आला होता. "आई, कशी आहेस?" मी म्हटलं, माझं काय विचारतोस, मामाचं विचार. हात पूर्ण बरा झाला, काल स्वतः दाढी केली. मग अगदी पहिल्यापासून सांगितलं, मी तिथे गेले तेव्हा कसा खचला होता, उठायचा नाही, बोलायचा नाही, आणि कसं मी त्याला हळूहळू कामाला लावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामाला माझ्यातर्फे थँक्यू सांग."

"त्याला कशाला? त्याने मला म्हणायला हवं!"

तर हसायला लागला. हसता हसता आवाज असा घोगरा झाला की मला वाटलं सर्दी झालीय. काढा घे म्हणून सांगितलं. ह्या पोराचं काही कळत नाही.

आणखी लिहिण्यासारखं बरंच आहे, पण शेपटीला गोंद लावून ठेवलाय. वाळायच्या आत बसवते.